तुमसरचे मँगनीज आणि बी.एस्सी.चे रसायनशास्त्र : एक अभ्यासपाठ

आपल्या भंडारा जिल्ह्यातील मुले-मुली आज मोठ्या संख्येने महाविद्यालयात जात आहेत. ज्या घरांत आजोबा कागदावर अंगठा उमटवीत होते, त्या घरांतील नातवंडे बी.एस्सी.च्या वर्गात बसत आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु महाविद्यालयात प्रवेश मिळविणे वेगळे आणि विषय आपलासा करणे वेगळे. विज्ञान शाखेतील आपल्या विद्यार्थ्यांशी बोलताना एक तक्रार वारंवार ऐकू येते. भौतिकशास्त्रात गणित आहे, सेंद्रिय रसायनशास्त्रात अभिक्रियांची साखळी आहे; पण असेंद्रिय रसायनशास्त्र, म्हणजे मुलांच्या भाषेत 'इनऑर्गॅनिक', हे निव्वळ पाठांतर आहे, असे ते म्हणतात. कोणत्या मूलद्रव्याचा क्षार कोणत्या रंगाचा, कोणाची संयुजा किती, हे सारे तोंडपाठ करायचे, उत्तरपत्रिकेत उतरवायचे आणि निकाल लागला की विसरायचे.

आम्ही स्वतः कलाशाखेचे पदवीधर आहोत आणि पोटापाण्यासाठी बँकेत कारकुनी करतो. मग आम्ही रसायनशास्त्रावर का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, आपल्या समाजमंडळाच्या अभ्यासवर्गात संध्याकाळी येणाऱ्या मुलांच्या वह्या चाळता चाळता या विषयाची गोडी आम्हास लागली. जाणत्या प्राध्यापकांना विचारून आणि मुलांबरोबर बसून जे समजले, ते येथे मांडीत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे : असेंद्रिय रसायनशास्त्राचा प्रत्येक पाठ शिकताना त्याच विषयावरील एखादा ताजा शोधनिबंध सोबत ठेवावा. असे केले तर पाठ्यपुस्तकातील कोरडी ओळ ही कोणीतरी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे आणि तो प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही, हे विद्यार्थ्याला कळते. एकदा हे कळले की पाठांतराची जागा विचार घेतो.

हे दाखविण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. आपल्याच जिल्ह्याच्या मातीतील मूलद्रव्य आपण उदाहरणादाखल घेऊ. ते म्हणजे मँगनीज.

आपल्या जिल्ह्याचे मूलद्रव्य

तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथील खाणी आपणा सर्वांस ठाऊक आहेत. नागपूर, भंडारा आणि मध्य प्रदेशातील बालाघाट या जिल्ह्यांतून मँगनीजयुक्त खडकांचा एक पट्टा जातो. भूशास्त्रज्ञ त्याला सौसर गटाचे खडक म्हणतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील लुईस ली फर्मोर या इंग्रज भूशास्त्रज्ञाने भारतातील मँगनीजच्या साठ्यांवर १९०९ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. या भागातील मँगनीजयुक्त खडकाच्या एका प्रकारास त्याने 'गोंडाइट' असे नाव दिले. ते नाव येथील गोंड लोकांवरून आले आहे. जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आपल्या मुलखातील आदिवासी समाजाचे नाव असे खडकाच्या रूपाने टिकून आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे.

येथील खाणकाम सुरुवातीस ब्रिटिश कंपनीच्या हाती होते. सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही संस्था १८९६ साली निघाली आणि पुढे ती सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली. १९६२ साली मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड, म्हणजे आपली 'मॉइल', स्थापन झाली. त्यात सरकारचा वाटा ५१ टक्के होता. उरलेला ४९ टक्के वाटा १९७७ साली सरकारकडे आला. मॉइलचे मुख्य कार्यालय नागपूरला आहे.

खाणीतून निघणारे बहुतेक मँगनीज पोलादासाठी जाते. वितळलेल्या पोलादातील गंधक आणि ऑक्सिजन यांचा उपद्रव मँगनीज दूर करते. पोलादात १२-१३ टक्के मँगनीज घातले तर ते घावाने झिजण्याऐवजी अधिक कठीण बनते, हे इंग्लंडमधील रॉबर्ट हॅडफिल्ड याने १८८२ साली शोधले. रेल्वेचे रूळ जेथे एकमेकांना छेदतात तेथे असे पोलाद वापरतात. डोंगरी बुजुर्गच्या खनिजाचे वैशिष्ट्य मात्र वेगळे आहे. तेथे मँगनीज डायऑक्साइड मिळते आणि ते ड्राय बॅटरीच्या, म्हणजे आपल्या टॉर्चमधील सेलच्या, उद्योगात वापरले जाते. तेथेच मॉइलचा विद्युत विच्छेदनाने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड तयार करण्याचा कारखानाही आहे.

आता विचार करा. ज्या मुलाच्या वडिलांनी किंवा आजोबांनी या खाणीत दगड फोडला, तोच मुलगा महाविद्यालयात 'मँगनीजच्या विविध ऑक्सिडीकरण अवस्था लिहा' या प्रश्नाचे उत्तर घोकत असतो. वर्गातील मँगनीज आणि घरातील मँगनीज एकच आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

पाठ पहिला : पासबुकाचा हिशेब

मँगनीजचा अणुक्रमांक २५. त्याच्या बाह्य कक्षांत सात इलेक्ट्रॉन देण्याजोगे असतात : पाच 'थ्री-डी' कक्षेत आणि दोन 'फोर-एस' कक्षेत. पुस्तकात लिहिलेले असते की मँगनीजच्या ऑक्सिडीकरण अवस्था +२ पासून +७ पर्यंत आढळतात. येथे मुले गोंधळतात. इलेक्ट्रॉन गेले तर आकडा कमी व्हावा. येथे तो वाढतो कसा?

आम्हास हे बँकेच्या भाषेत समजले. प्रत्येक अणूचे एक खाते आहे असे माना. इलेक्ट्रॉन आला की खाती जमा, गेला की खात्यास नावे. ऑक्सिडीकरण अवस्था हा शिल्लक रकमेचा आकडा नाही. तो मूळ खात्यातून किती इलेक्ट्रॉन बाहेर गेले, याचा आकडा आहे. इलेक्ट्रॉनवर ऋण भार असल्याने तो गेला की मागे धन भार उरतो. म्हणून दोन गेले तर +२, चार गेले तर +४ आणि सातही गेले तर +७. आठवा देण्याजोगा इलेक्ट्रॉन नाही, म्हणून +८ नाही. ज्या अणूने इलेक्ट्रॉन गमावला त्याचे ऑक्सिडीकरण झाले. ज्याने मिळविला त्याचे क्षपण झाले. एकाच्या नावे पडल्याशिवाय दुसऱ्याच्या खाती जमा होत नाही. म्हणून ही दोन्ही कामे नेहमी जोडीनेच होतात.

एक खुलासा येथे केला पाहिजे. ही कागदावरील नोंद आहे. प्रत्यक्ष संयुगात इलेक्ट्रॉन दोन अणूंमध्ये वाटून घेतलेले असतात. नोंदीपुरते ते अधिक ओढ असणाऱ्या अणूच्या नावावर मांडले जातात. तरीही ही नोंद मोठ्या उपयोगाची आहे, कारण ती ताळा करून पाहता येते.

खात्यातील आकडा बदलला की रंग बदलतो. +२ चे क्षार फिकट गुलाबी. +४ चे मँगनीज डायऑक्साइड काळे-तपकिरी. +६ चे मँगनेट हिरवे. +७ चे परमँगनेट, म्हणजे विहिरीत टाकले जाणारे ते औषध, गडद जांभळे. प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली परमँगनेटच्या अगदी सौम्य द्रावणात कॉस्टिक सोडा व साखर मिसळली तर साखर इलेक्ट्रॉन देत जाते आणि जांभळा रंग हिरवा होऊन शेवटी पिवळट-तपकिरी होतो. रंगांची ही यादी पाठ करण्यापेक्षा एकदा डोळ्यांनी पाहिलेली बरी. (कॉस्टिक सोड्याने कातडी भाजते, म्हणून हा प्रयोग घरी करू नये.)

या खात्यात +३ हा आकडा मात्र चंचल आहे. पाण्याच्या संपर्कात +३ चे दोन मँगनीज अणू एकमेकांत व्यवहार करतात : एक इलेक्ट्रॉन देतो आणि +४ होतो, दुसरा घेतो आणि +२ होतो. पुस्तकात याला विषमीकरण म्हणतात. +२ चे मँगनीज पाण्यात सहज विरघळते. +४ चे डायऑक्साइड विरघळत नाही. परीक्षेत दोन गुणांसाठी विचारली जाणारी ही ओळ विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी, कारण पुढच्या दोन्ही शोधकथा येथूनच सुरू होतात.

पाठ दुसरा : टॉर्चचा सेल पुन्हा भरता येईल काय?

जॉर्ज लक्लांशे या फ्रेंच अभियंत्याने १८६६ साली जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड यांचा सेल तयार केला. १८८६ च्या सुमारास जर्मनीच्या कार्ल गासनरने त्याला कोरड्या सेलचे रूप दिले. त्यात जस्त इलेक्ट्रॉन देते आणि मँगनीज घेते. मँगनीजचा आकडा +४ वरून +३ वर येतो. मधल्या तारेतून इलेक्ट्रॉन जाताना टॉर्चचा दिवा लागतो. सेल संपला की आपण तो फेकून देतो. कारण हा व्यवहार उलटा करणे, म्हणजे मँगनीजला परत +४ वर नेणे आणि जस्त पूर्ववत बसविणे, वारंवार साधत नव्हते.

आता सौर ऊर्जेचे दिवस आहेत. दिवसा मिळालेली वीज रात्रीसाठी साठवायची तर स्वस्त, न पेटणारी आणि पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी हवी. जस्त व मँगनीज दोन्ही लिथियमपेक्षा विपुल आणि स्वस्त आहेत, आणि द्रावण पाण्याचे असल्याने आगीची भीती कमी. म्हणून जगभर या जुन्या जोडीवर पुन्हा संशोधन सुरू आहे.

२०१६ साली 'नेचर एनर्जी' या नियतकालिकात अमेरिकेतील पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरी येथील संशोधकांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड यांचा सेल झिंक सल्फेटच्या सौम्य द्रावणात चालविला. त्यांनी दिलेले दोन आकडे असे : मँगनीज डायऑक्साइडच्या प्रत्येक ग्रॅममागे २८५ मिलिअँपिअर-तास विद्युतभार मिळाला, आणि ५,००० वेळा भरून-उतरवूनही मूळ क्षमतेपैकी ९२ टक्के क्षमता टिकली.

येथे विद्यार्थ्यांनी पेन हाती घ्यावे. मँगनीज डायऑक्साइडचे रेणुभारमान सुमारे ८७. एक मोल इलेक्ट्रॉन म्हणजे ९६,४८५ कूलोम. त्याला ३,६०० ने भागले की २६.८ अँपिअर-तास. हे ८७ ग्रॅमसाठी झाले. म्हणजे प्रत्येक मँगनीज अणूने एकच इलेक्ट्रॉन घेतला तर एका ग्रॅममागे सुमारे ३०८ मिलिअँपिअर-तास मिळावेत. निबंधात २८५ आहेत. २८५ भागिले ३०८ म्हणजे सुमारे ०.९३. याचा अर्थ सरासरीने प्रत्येक मँगनीज अणूच्या खाती ०.९३ इलेक्ट्रॉन जमा झाले आणि आकडा +४ वरून सुमारे +३.०७ वर आला. बारावीच्या गणिताने अमेरिकेतील प्रयोगशाळेच्या आकड्याचा ताळा आपल्या वहीत झाला! अभ्यासवर्गात एका विद्यार्थिनीने हा हिशेब फळ्यावर केला आणि विचारले, "मग उरलेले ०.०७ कुठे गेले?" परीक्षेत कोणी न विचारलेला असा हा प्रश्न आहे. काही दाण्यांच्या आतील मँगनीजपर्यंत व्यवहार पोहोचलाच नसेल काय? की काही मँगनीज कामातूनच गेले? असे प्रश्न सुचू लागले की असेंद्रिय रसायनशास्त्र पाठांतराचे राहत नाही.

या संशोधकांनी आणखी एक युक्ती केली. द्रावणात त्यांनी आधीच थोडे मँगनीज सल्फेट, म्हणजे +२ चे मँगनीज, घालून ठेवले. का? वर सांगितलेली ओळ आठवा. सेल चालताना मँगनीज +३ वर येते, त्याचे विषमीकरण होते आणि +२ चे मँगनीज विरघळून द्रावणात निघून जाते; घन पदार्थ झिजत जातो. पण द्रावणात ते आधीच भरपूर असेल तर विरघळण्याची ओढ कमी होते. हे ल शातलिए यांचे समतोलाचे तत्त्व. कनिष्ठ महाविद्यालयात शिकविले जाणारे एक तत्त्व आणि दोन गुणांची एक ओळ, या दोन्ही एकत्र आल्यावर काय होते, हे यावरून दिसते.

गोष्ट येथे संपत नाही. सेल उतरताना मँगनीज डायऑक्साइडमध्ये नेमके शिरते कोण, यावर संशोधकांत मतभेद आहेत. आधीच्या काही निबंधांत जस्ताचे आयन शिरतात असे मांडले होते. २०१६ च्या निबंधाने पाण्यातील हायड्रोजन आयन मुख्य असल्याचे सांगितले. २०१७ साली दुसऱ्या एका गटाने दोन्ही शिरतात, आधी हायड्रोजन आणि मग जस्त, असे पुरावे दिले. त्यानंतर इतरांनी विरघळणे आणि पुन्हा साचणे हाच मुख्य व्यवहार असल्याची बाजू मांडली. एकाच खात्याच्या या वेगवेगळ्या खतावण्या आहेत. इलेक्ट्रॉनची बेरीज सर्वांची जुळते. भार समतोल राखण्यासाठी कोणता आयन आला, यावर वाद आहे. शिक्षकांनी हा वाद वर्गात झाकून ठेवू नये. उलट विद्यार्थ्यांना विचारावे : कोणते मोजमाप केले तर निकाल लागेल?

हाच +३ चा चंचलपणा लिथियम बॅटरीतही दिसतो. दक्षिण आफ्रिकेतून ऑक्सफर्डला गेलेले मायकेल थॅकरे आणि जॉन गुडइनफ यांनी १९८३ साली लिथियम-मँगनीज ऑक्साइडच्या स्पिनेल रचनेत लिथियम शिरू शकते हे दाखविले. गुडइनफ यांना पुढे २०१९ साली वयाच्या ९७ व्या वर्षी लिथियम-आयन बॅटरीच्या कार्यासाठी रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या स्पिनेलमधूनही +२ चे मँगनीज द्रावणात झिरपते आणि बॅटरीचे आयुष्य घटते. नाव नवे, दुखणे तेच.

पाठ तिसरा : धानाच्या पानातील चार मँगनीज

आपला जिल्हा तलावांचा आणि धानाचा. धानाच्या बांधीतही हा हिशेब चालू असतो. बांधीत पाणी साचले की मातीतील हवा संपते. मग मातीतील सूक्ष्म जीव ऑक्सिजनऐवजी दुसऱ्या कोणाच्या तरी खाती इलेक्ट्रॉन जमा करू लागतात : आधी नायट्रेट, मग मँगनीजची ऑक्साइडे, मग लोहाची. +४ चे न विरघळणारे मँगनीज अशा रीतीने +२ होऊन पाण्यात उतरते आणि मुळांना मिळते.

मुळांतून ते पानात जाते आणि तेथे जगातील एक अत्यंत महत्त्वाचे काम करते. आपण श्वासातून घेतो तो ऑक्सिजन वनस्पती पाण्यापासून मुक्त करतात, हे शाळेत शिकलो. पण पाणी फोडते कोण? दोन पाण्याच्या रेणूंपासून एक ऑक्सिजनचा रेणू सुटताना चार इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात. प्रकाशाचा एक कण एका वेळी एकच इलेक्ट्रॉन हलवू शकतो. म्हणजे चार हप्त्यांचा हिशेब कोणीतरी सांभाळून ठेवला पाहिजे.

फ्रान्सच्या पिएर जोलिओ यांनी १९६९ साली अंधारात ठेवलेल्या हरित पेशीद्रव्यावर प्रकाशाचे लहान लहान झोत टाकले. ऑक्सिजन सर्वाधिक सुटला तो तिसऱ्या झोताला आणि त्यानंतर दर चौथ्या झोताला. १९७० साली बेसेल कॉक यांनी याचा अर्थ लावला : पानात पाच पायऱ्यांचे एक चक्र आहे आणि चार इलेक्ट्रॉन गेले की ऑक्सिजन सुटतो. अंधारात चक्र शून्यावर नव्हे, पहिल्या पायरीवर थांबलेले असते. म्हणून पहिला ऑक्सिजन तिसऱ्याच झोताला. चक्र ज्यावर फिरते तो मँगनीजचा समूह आहे.

त्याचे स्पष्ट रूप दिसण्यास २०११ साल उजाडले. जपानमधील ओसाका आणि ओकायामा येथील संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात क्ष-किरणांच्या साहाय्याने १.९ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने ही रचना प्रसिद्ध केली. चार मँगनीज, एक कॅल्शियम आणि पाच ऑक्सिजन, अशी ती वाकड्या खुर्चीसारखी दिसणारी जुळणी. ज्या सूक्ष्म जीवात ती पाहिली तो उष्ण झऱ्यात राहणारा आहे, पण धानाच्या पानातील समूहही तोच. बहुतेक संशोधकांच्या मते हे मँगनीज +३ आणि +४ यांच्या दरम्यान पायरी पायरीने चढते. पाण्यात ज्या +३ चा भरवसा नाही, त्यालाच प्रथिनाच्या कुशीत धरून निसर्ग काम करून घेतो.

शेवटच्या पायरीवर ऑक्सिजनचे दोन अणू नेमके कसे जुळतात? २०२३ साली 'नेचर'मध्येच दोन शोधनिबंध आले : एकात क्ष-किरण लेसरने, तर दुसऱ्यात अवरक्त किरणांनी हा क्षण टिपण्याचा प्रयत्न केला आहे. बराच उलगडा झाला, पण शेवटचा शब्द अजून उच्चारला गेलेला नाही. हा समूह कसा चालतो हे नीट कळले तर सूर्यप्रकाशाने पाणी फोडून हायड्रोजन इंधन स्वस्तात मिळविण्याचा मार्ग सुलभ होईल, अशी आशा आहे. तुमसरच्या खाणीतील, टॉर्चच्या सेलमधील आणि धानाच्या पानातील मँगनीज अशा रीतीने एकाच पाठात येते.

वर्ग कसा घ्यावा?

अमेरिकेतील असेंद्रिय रसायनशास्त्राचे शिक्षक गेली काही वर्षे एकत्र येऊन ताज्या शोधनिबंधांवर प्रश्नावल्या तयार करतात आणि एकमेकांस देतात. आपल्याकडे यासाठी फार साधने लागत नाहीत. अभ्यासवर्गात चालू शकेल अशी पद्धत पुढे देत आहोत.

१) आधी पाठ, मग शोधनिबंध. पाया नसताना निबंध दिला तर मूल घाबरते.
२) संपूर्ण निबंध देऊ नये. सुरुवातीचा सारांश आणि एखादी आकृती पुरे.
३) अवघड इंग्रजी शब्दांची मराठी अर्थासह यादी आधी करावी. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांची अर्धी भीती येथेच जाते.
४) तीनच प्रश्न विचारावेत : संशोधकांना काय जाणून घ्यायचे होते? त्यांनी प्रत्यक्ष काय मोजले? जे मोजले त्यावरून दुसरा निष्कर्ष निघू शकतो काय?
५) एक तरी हिशेब वहीत करावा, जसा वर २८५ चा केला.
६) शेवटी प्रत्येकाने स्वतःचा एक प्रश्न लिहावा. त्याचे उत्तर शिक्षकांना आले नाही तरी चालेल.

यावर आक्षेप येतात. पहिला, अभ्यासक्रम पूर्ण होणार नाही. आमचे उत्तर असे की दर आठवड्याला नको. एका सत्रात दोन निबंध घेतले तरी फरक पडेल. दुसरा, परीक्षेत हे विचारीत नाहीत. खरे आहे, पण ज्याने मँगनीज सल्फेट का घातले हे समजून घेतले, तो विषमीकरणाची व्याख्या परीक्षेत चुकणार नाही. तिसरा आक्षेप, असे निबंध मिळणार कोठून? निबंधाचा सारांश बहुधा कोणासही विनामूल्य वाचता येतो. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झाली असून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना १३,००० हून अधिक नियतकालिके त्यातून खुली झाली आहेत. आपले महाविद्यालय त्यात मोडते काय, हे विद्यार्थ्यांनी ग्रंथपालांकडे जाऊन विचारावे. विचारल्याशिवाय ग्रंथालयाचे कपाट उघडत नाही.

हे ज्ञान कोणाच्या कामाचे?

काही पालक म्हणतील, नोकरीसाठी पदवी पुरे, हा खटाटोप कशाला? त्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. मँगनीजचे खनिज दळणाऱ्या कामगारांना हातापायांची शक्ती जाण्याचा आणि चाल बिघडण्याचा विकार होतो, हे स्कॉटलंडच्या जॉन कूपर या डॉक्टरने १८३७ साली लिहून ठेवले. धूळ श्वासातून आत गेल्याने हे होते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोने २०१२ च्या मानकात मँगनीजची इष्ट मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आणि पर्यायी पाणीच नसल्यास ०.३ मिलिग्रॅम ठरविली आहे. धुळीपासून तोंड-नाक का झाकावे, विहिरीचे पाणी का तपासावे, तपासणीच्या कागदावरील आकड्याचा अर्थ काय, हे गावात सांगणारा कोणी तरी हवा. तो बाहेरून येण्याची वाट पाहण्यापेक्षा आपल्याच घरातील बी.एस्सी. झालेली मुलगी किंवा मुलगा ते सांगू शकला, तर त्या पदवीचे चीज झाले असे म्हणता येईल. ज्याने नुसते पाठ केले, तो परीक्षेनंतर हे विसरून जातो. ज्याने समजून घेतले, तो आयुष्यभर सांगू शकतो.

अनेक पिढ्या आपल्या लोकांनी दगड फोडला आणि त्या दगडात काय आहे हे दुसऱ्यांनी लिहिले. आता आपली मुले प्रयोगशाळेच्या दारापर्यंत पोहोचली आहेत. त्यांनी आत जाऊन केवळ दुसऱ्यांची उत्तरे पाठ करू नयेत; स्वतःचे प्रश्न विचारावेत आणि पुढे जाऊन त्यांची उत्तरे स्वतः लिहावीत. आपल्या मंडळाच्या सभासदांनी महिन्यातून एक संध्याकाळ अशा वाचनासाठी राखून ठेवावी, जाणत्या प्राध्यापकांनी तासभर वेळ द्यावा आणि विद्यार्थ्यांनी वही-पेन घेऊन यावे, एवढीच या लेखाच्या निमित्ताने आमची नम्र विनंती आहे.